कसं ऐकलंत, ते आधी सांगा

नाशिकमध्ये स्पीकर ऐकून विकत घेणं आता सोपं राहिलेलं नाही. पूर्वी एम. जी. रोडवर, मेन रोडवर दुकानदार स्वतःहून कॅसेट लावायचे, आवाज वाढवून दाखवायचे. गिऱ्हाईक स्वतःची कॅसेट घेऊन गेलं तरी कुणी नाही म्हणायचं नाही. आता मोठ्या शोरूममध्ये भिंतभर टीव्ही लावलेले असतात, त्यांच्याखाली साउंडबारची रांग असते, आणि त्यातले चारपाच एकाच वेळी वाजत असतात. ज्याला घरात बसून नीट संगीत ऐकायचंय, त्याला दोन साधे बुकशेल्फ स्पीकर आणि एक अँप्लिफायर शांत खोलीत तासभर ऐकायचे म्हटलं, तर बहुतेक वेळा मुंबई नाहीतर पुणं गाठावं लागतं. सगळ्यांना ते जमत नाही. मग रिव्ह्यू वाचायचे, रिव्ह्यू बघायचे. कानाने पारखायची वस्तू आपण दुसऱ्याच्या शब्दांवर घेतो.

आपल्या गावात मिसळीबद्दल प्रत्येकाचं मत ठाम असतं. कुणाचं ऐकून गेलो आणि रस्सा आवडला नाही, तर पुढच्या रविवारी दुसरीकडे जाता येतं. चाळीस हजारांच्या स्पीकरचं तसं नाही. खोकं फोडलं, वायरी जोडल्या, की ती जोडी पुढची दहा वर्षं घरात राहते. म्हणूनच स्पीकरबद्दल बोलणाऱ्याची जबाबदारी मला मोठी वाटते.

पंचवटीत आमच्या गाण्याच्या बाई राहतात. मी लहानपणी त्यांच्याकडे काही वर्षं शिकलो, अजूनही जाणं-येणं आहे. त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या खासगी मैफलींच्या कॅसेटी भाच्याने संगणकावर उतरवून दिल्या आणि बाईंच्या मनाने घेतलं, की आता हे नीट ऐकायचं. फोनवर नाही, त्या छोट्या ब्लूटूथ डबीवर नाही. भाचा पुण्याहून व्हिडिओ पाठवू लागला. एका रिव्ह्यूत एका जोडीला ‘या किमतीत तोड नाही’ असं म्हटलेलं, दुसऱ्यात तीच जोडी ‘कानाला टोचते’. बाईंनी दोन्ही व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले आणि मला विचारलं, “अरे, दोघंही खरं बोलत असतील का?”

यातला खोटं कोण बोलतंय, असं त्यांनी विचारलं नाही. मला ते फार आवडलं. कारण आपल्यातले बहुतेक जण तेच आधी विचारतात.

पैशाची शंका रास्तच आहे. रिव्ह्यू करणाऱ्याला वस्तू फुकट मिळते, किंवा वापरून बघायला म्हणून येते आणि परत जातच नाही. काहींना ती घसघशीत सवलतीत दिली जाते. व्हिडिओखालच्या लिंकवरून तुम्ही खरेदी केलीत की त्याच्या खात्यात कमिशन जमा होतं. ‘घेऊ नका’ असं सांगितल्याबद्दल त्याला कुणी काही देत नाही. आणि एका कंपनीवर कडक टीका केली, की पुढचं मॉडेल वेळेवर हातात येईल याची खात्री नसते. यातल्या एकाही टप्प्यावर कुणी लाच देत नाही. तरी बोलणं हळूहळू एका बाजूला झुकत जातं.

यावर आपल्याकडे कायदा आहे आणि तो लोकांना माहीत असायला हवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि त्या वस्तूची शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जाहिराती आणि शिफारशींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सर मंडळींना साध्या भाषेत बजावलं गेलं, की पैसे, फुकट वस्तू, सवलत, सहल, जे काही घेतलं असेल ते प्रेक्षकांना सहज दिसेल असं सांगा. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकही आणलं. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हापासून या राज्यात वजन, माप, दर यांबद्दल ग्राहक बोलायला शिकला. आवाजाच्या बाबतीत मात्र आपण अजून कुणालाच जाब विचारत नाही.

तरीही बाईंच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात सापडत नाही. समजा, दोन्ही रिव्ह्यू करणारे सचोटीचे आहेत, दोघांनी स्पीकर स्वतःच्या पैशाने घेतलेत, कुणाकडून छदाम घेतलेला नाही. मग त्यांचं ऐकावं का?

इथे मला दोन माणसांच्या कामाचा आधार वाटतो. फ्लॉइड टूल कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत ध्वनीवर काम करत होते. पुढे ते आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीत गेले. १९९४ मध्ये त्यांनी एक साधा प्रयोग मांडला. चाळीस श्रोते, सगळे त्याच कंपनीत काम करणारे, म्हणजे ध्वनी हाच ज्यांचा व्यवसाय. त्यांनी काही स्पीकर पडद्याआड ऐकून गुण दिले आणि तेच स्पीकर समोर दिसत असतानाही ऐकून गुण दिले. स्पीकर दिसले, तेव्हा मोठ्या, देखण्या, महागड्या स्पीकरचे गुण वर गेले आणि प्लॅस्टिकच्या छोट्या स्वस्त संचाचे खाली आले. पडदा असताना चित्र वेगळं होतं. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. स्पीकर खोलीत हलवला की आवाज खरोखर बदलतो, आणि पडद्याआड ऐकणाऱ्यांना तो बदल कळत होता. स्पीकर दिसायला लागल्यावर त्याच माणसांना तो बदल कमी जाणवू लागला. डोळ्यांनी कानांवर नुसता रंग चढवला नाही, कानांचं काम कमी केलं.

यातला एकही माणूस लबाडी करत नव्हता. या एका प्रयोगाने माझ्यापुरता प्रश्नच बदलला. प्रामाणिक माणूस सुद्धा स्पीकर समोर ठेवून, त्याची किंमत ठाऊक असताना ऐकत असेल, तर तो जे सांगतो त्यात स्पीकर किती आणि किंमत किती, हे त्याला स्वतःलाच वेगळं करता येत नाही. आणि आपण त्याच्यावर जास्त विसंबतो, कारण तो प्रामाणिक असतो.

दुसरा धोका आवाजाच्या पातळीचा. दोन स्पीकरमध्ये एक डेसिबलचा फरक असला, तर ऐकणाऱ्याला ‘हा मोठा वाजतोय’ असं वाटत नाही. ‘हा स्वच्छ आहे, यात जीव आहे’ असं वाटतं. शिवाय आवाज वाढला की आपल्या कानाला खर्ज, म्हणजे खालचे जाड स्वर, जास्त ऐकू येतो, हे १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं होतं. म्हणजे तुलना करण्याआधी दोन्हीची पातळी मोजून सारखी केली नसेल, तर त्या तुलनेला काही अर्थ राहत नाही. किती रिव्ह्यूंमध्ये ‘पातळी सारखी केली होती’ हे वाक्य तुम्ही ऐकलंय? मी फार क्वचित.

तिसरी गोष्ट, ‘शंभर तास वाजवा, मग आवाज खुलतो’ हा सल्ला. स्पीकरच्या आतल्या थरथरणाऱ्या पडद्याच्या कडा वापराने थोड्या सैल होतात, एवढं खरं. पण मोजून पाहिलं तर तो बदल लहान असतो. शंभर तासांत खरोखर बदलतो तो आपला मेंदू, त्याला त्या आवाजाची सवय होते. आणि तोवर वस्तू परत करायची मुदत उलटून गेलेली असते. हा सल्ला देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

२०२२ च्या जुलैमध्ये अमेरिकेत एक प्रकरण उघडकीला आलं, त्याचा मी बराच विचार केला आहे. मोबाइल फिडेलिटी नावाची कंपनी जुन्या गाण्यांच्या महागड्या तबकड्या काढते. मूळ टेपवरून, निखळ अ‍ॅनालॉग पद्धतीने, म्हणजे ध्वनी कुठेही आकड्यांत न बदलता त्या तयार होतात, असं घेणाऱ्यांना वाटत होतं. फिनिक्स शहरातल्या एका रेकॉर्ड दुकानदाराने शंका घेतली, आणि चौकशीअंती कंपनीच्या अभियंत्यांनीच मान्य केलं, की मधल्या एका टप्प्यावर ध्वनी डिजिटल केला जातो, आणि हे २०११ पासून चालू आहे. ग्राहकांनी दावा लावला, कंपनीने तडजोड केली. पण माझं लक्ष जातं ते त्या मधल्या अकरा वर्षांकडे. डिजिटल आवाज आपल्याला क्षणात ओळखू येतो असं सांगणाऱ्या जाणकारांनी त्या काळात याच तबकड्यांची अ‍ॅनालॉग म्हणून तोंड भरून स्तुती केली होती. तबकड्या वाईट नव्हत्या, उत्तमच होत्या. त्यांच्या उत्तमपणाचं जे कारण हे लोक कानाने ऐकल्याचं सांगत होते, ते कारण तिथे नव्हतंच.

मग रिव्ह्यू सगळे बाजूला टाकायचे का? मला तसं वाटत नाही, आणि त्यासाठी एक जुनं उदाहरण पुरेसं आहे.

१९३६ पासून चालणारं ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ हे अमेरिकन मासिक जाहिराती घेत नाही. वस्तू बाजारातून विकत घेऊन तपासतं. मे १९७० च्या अंकात त्यांनी बोस ९०१ या स्पीकरबद्दल लिहिलं. अमर बोस यांचा स्पीकर. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले. त्या स्पीकरमध्ये आवाज काढणारे नऊ छोटे शंकू होते आणि त्यातले आठ मागच्या भिंतीकडे तोंड करून. आवाज भिंतीवर आपटून खोलीभर पसरावा, ही कल्पना. मासिकाने लिहिलं, की यातून एकेक वाद्य अवाढव्य झाल्यासारखं वाटतं आणि खोलीत इकडेतिकडे भटकतं. बोस कंपनी कोर्टात गेली. मासिकासाठी ऐकणाऱ्या अभियंत्याने साक्षीत सांगितलं, की वाद्यं दोन स्पीकरच्या मधल्या भिंतीलगत सरकल्यासारखी वाटत होती. भिंतीलगत सरकणं वेगळं आणि खोलीभर भटकणं वेगळं, यावर खटला उभा राहिला आणि थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८४ मध्ये निकाल सहा विरुद्ध तीन असा मासिकाच्या बाजूने लागला. शब्द नेमका नव्हता, पण मुद्दाम खोटं लिहिलं असं सिद्ध होत नाही, असं न्यायालयाने धरलं.

ते वाक्य मला आदरणीय वाटतं. त्यात एक थोडी चूक होती, आणि ती चूक कोर्टात दाखवता आली. कुणीही तो स्पीकर लावून ‘वाद्य सरकतंय का’ हे तपासू शकत होतं. आज ऐकू येणाऱ्या ‘मखमली’, ‘श्रीमंत’, ‘एकदम तगडा बेस’ या विशेषणांवर कुणी कधी खटला भरणार नाही, कारण ती खोटी ठरूच शकत नाहीत. जे विधान खोटं ठरू शकतं, तेच खरं असण्याची काही शक्यता असते. रिव्ह्यूत अशी विधानं किती आहेत हे मी आता आधी शोधतो.

आकडे हा अशा विधानांचा एक प्रकार, पण आकड्यांनीही आपल्याला पूर्वी फसवलंय. नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या म्युझिक सिस्टीमवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ (क्षणभराची कमाल ताकद) असे स्टिकर असायचे. पीएमपीओ मोजायची कुठलीही ठरलेली पद्धत नव्हती; ज्याला जो आकडा छापावासा वाटेल तो तो छापे. अमेरिकेत १९७४ पासूनच अँप्लिफायरची सलग ताकद एका ठरावीक पद्धतीने मोजूनच जाहीर करावी लागते. आकडा कुठल्या अटींवर मोजला हे शेजारी लिहिलेलं नसेल, तर तो आकडाही विशेषणच असतो.

पद्धत ठरलेली असेल, तर मात्र मोजमाप फार दूरवर नेतं. ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकर प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत सगळ्या बाजूंनी मोजले आणि त्या मोजमापांवरून, पडद्याआड ऐकणाऱ्या लोकांना कोणता किती आवडेल याचं भाकीत केलं. भाकीत आणि प्रत्यक्ष गुण यांचा सहसंबंध ०.८६ आला (तंतोतंत जुळले असते तर १). समोरचा आवाज समतोल आणि बाजूंना पसरणारा आवाजही त्याच्याशी मिळताजुळता, असे स्पीकर लोकांना आवडतात. आपल्या संगीताला वेगळे स्पीकर लागतात, विलायती रिव्ह्यूंचा आपल्याला उपयोग नाही, असं इथे बरेच जण म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. समतोल स्पीकर तानपुराही नीट वाजवतो आणि पियानोही.

त्याआधीच्या, २००३ च्या एका अभ्यासात ऑलिव्ह यांनी अडीचशेहून जास्त लोकांना चार स्पीकर ऐकवले. प्रशिक्षित श्रोते, दुकानदार, ऑडिओ समीक्षक, विक्री विभागातले लोक, विद्यार्थी. आवडीचा क्रम सगळ्या गटांत जवळजवळ सारखाच निघाला. सातत्याने आणि स्पष्ट फरक करून गुण देण्यात प्रशिक्षित श्रोते सर्वांत पुढे होते. त्यांच्यानंतर दुकानदार, आणि समीक्षक त्यांच्याही मागे. हे संशोधन स्पीकर विकणाऱ्या कंपनीच्या पैशाने झालं, हेही सांगायला हवं; पण पद्धत उघड आहे आणि कुणालाही ती करून बघता येते. सामान्य श्रोत्याच्या आवडीवर शंका घ्यायचं कारण नाही, एवढं यातून मी धरून ठेवलंय.

बाईंच्या भाच्याने शेवटी ती वादातली जोडी मागवली, परत करता येईल या बोलीवर. मी माझी जुनी जोडी घेऊन गेलो. बाईंची खोली १० बाय १२ची, पक्क्या विटांच्या भिंती, खाली फरशी. दोरी बांधून तिच्यावर जुनी मलमलची साडी टाकली. पिंक नॉइज, म्हणजे सगळे उंच-नीच स्वर मिसळलेला चाचणीचा सलग खरखराट, लावून फोनमधल्या मीटरवर दोन्ही जोड्यांची पातळी सारखी केली. वायरी बदलायचं काम बाईंच्या एका विद्यार्थिनीकडे. मी बाईंच्या शेजारी पाठ टेकून बसलो, कुठली जोडी वाजतेय हे मलाही माहीत नव्हतं.

गाणं सुरू झालं आणि थोड्याच वेळात बाई म्हणाल्या, “हिच्यात डग्गा घुमतोय, आणि तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या पोटात जातोय.” विद्यार्थिनीने जोड्यांच्या जागा बदलल्या. आता बाईंची तक्रार दुसऱ्या जोडीबद्दल, शब्द तेच. जी जोडी कोपऱ्यात जाईल तिच्यात डग्गा घुमत होता. समोरासमोरच्या १० फुटांच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा आवाज फुगतो, १२ फुटांमध्ये ४७ च्या आसपास, आणि कोपरा तो आणखी फुगवतो. लाकडी सांगाड्याच्या, पातळ तक्त्यांच्या भिंती असलेल्या घरांमधून खर्ज बराचसा बाहेर निघून जातो. आपल्या विटा आणि काँक्रीट तो आत कोंडून ठेवतात.

स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घेतले, तेव्हा घुमणं निवळलं आणि खरा फरक ऐकू यायला लागला. बाईंनी डोळे मिटले होते. त्यांच्या घरात खराखुरा तानपुरा रोज वाजतो, कुठल्याही माइकशिवाय. इतकी पक्की कसोटी शहरात फार थोड्यांकडे असेल. आपण पाडवा पहाट ऐकतो पिंपळपारावर, नाटक-गाणं ऐकतो कालिदास कलामंदिरात, पण ते सगळं आपल्यापर्यंत येतं स्पीकरमधूनच. बाई पुन्हा पुन्हा एकाच जोडीबद्दल म्हणत राहिल्या, “जवारी हवी तेवढीच हवी. ही ओरडतेय.” जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या तारेचा झणझणता नाद. साडी काढली तेव्हा ती नवी जोडी निघाली.

म्हणजे ‘कानाला टोचते’ म्हणणारा बरोबर होता. आणि ‘तोड नाही’ म्हणणाऱ्याचा व्हिडिओ मी घरी येऊन पुन्हा पाहिला. त्याच्या खोलीत जाड गालिचा होता, मोठे सोफे, मागे पुस्तकांनी भरलेली भिंत. बाजूंना फेकला जाणारा तीव्र आवाज तिथे शोषला जात असणार. त्यालाही जे ऐकू आलं तेच त्याने सांगितलं, असं मला वाटतं. बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “मग त्याने खोली दाखवून सांगायला हवं होतं ना, की माझ्याकडे गालिचा आहे म्हणून.”

बाईंची मागणी मी इथे जशीच्या तशी मांडतो, आणि माझी त्यात भर घालतो. मराठीत, हिंदीत ऑडिओवर बोलणारी पुष्कळ तरुण मुलं आहेत, त्यातली काही खरोखर मेहनती आहेत. त्यांनी सुरुवातीलाच सांगावं: वस्तू कशी मिळाली, खोली केवढी आणि आत काय काय आहे, तुलना कशाशी केली, पातळी मोजली की नाही, स्पीकर दिसत होता की झाकलेला. एवढं सांगितलं की नंतर ते ‘मखमली’ म्हणाले तरी चालेल, त्या शब्दाचं वजन किती धरायचं ते आम्हाला ठरवता येईल. जे मोजमापं देतात त्यांनीही सांगावं, की कुठला फरक कानाला कळतो आणि कुठला फक्त आलेखावर दिसतो. कारण दोन चांगल्या डॅकच्या (डिजिटल ध्वनी अ‍ॅनालॉग करणाऱ्या यंत्रांच्या) खरखर-विकृतीच्या आकड्यांतला पाच डेसिबलचा, कानाला न कळणारा फरक वाचून लोक उगाच जादा पैसे घालतात.

ती जोडी परत गेली. बाईंनी अजून काही घेतलेलं नाही, आणि त्यांना घाईही नाही. म्हणून आम्ही ठरवलंय, की गंगापूर रोडवरच्या एका मित्राच्या मोकळ्या हॉलमध्ये दर महिन्याच्या एका रविवारी पडदा लावायचा. नाशिकमध्ये ज्यांच्याकडे स्पीकर आहेत, स्वस्त, महाग, वडिलांच्या काळातले, कुठलेही, त्यांनी ते घेऊन यावं. सोबत आपल्या चांगल्या ओळखीचं एक ध्वनिमुद्रण आणावं, शक्यतो जे वाद्य किंवा जो गळा तुम्ही समोर बसून ऐकलाय त्याचं. मीटर आणि वायरी आमच्याकडे आहेत. येताना स्पीकर चादरीत गुंडाळून आणा, आणि कुठले आहेत ते पडदा उतरेपर्यंत कुणालाही सांगू नका.